उकंडरावांच्या मरणावरची नऊ गाणी

सुलतानपुरात कोणी वारलं, की घरच्या माणसांनंतर ती खबर सगळ्यात आधी उकंडराव साउंडवाल्यांकडे यायची. चाळीस वर्षं त्यांनी लग्नांना, सप्त्यांना, जयंतीला भोंगे लावले, आणि मयत झाली की ऑटोच्या टपावर एक भोंगा बांधून स्वतःच्या आवाजात गल्लोगल्ली पुकारा केला. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' हे पाच शब्द ते अशा काही सावकाशीने म्हणत, की मेलेल्याशी जन्मभर वाकडं असलेला माणूसही टोपी शोधायला लागे. आपल्यामागे आपला पुकारा कोण करणार, एवढी एकच काळजी त्यांना होती, आणि तीही ते फक्त जेवण जड झालं की बोलून दाखवत.

मरणाशी त्यांची ओळख तशी जन्मापासूनची. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा चौथा झाल्या झाल्या आईने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने उचलून आणलं, आणि नाव ठेवलं उकंडा. टाकून दिलेलं पोर आहे, यात नेण्यासारखं काही नाही, असं यमाला वाटावं म्हणून. यमाला ते वाटलं असावं. कारण अठ्ठ्याहत्तरी आली तरी उकंडरावांचे दात स्वतःचे होते, आणि पाहुण्यांसमोर फुटाणे फोडून दाखवायची एकही संधी ते सोडत नसत.

गाण्याच्या बाबतीत त्यांचं मत ठाम होतं. राग, ताल, गळा या गोष्टी ते इतरांवर सोडून देत. "शेवटच्या रांगेतल्या बुढीले शब्द समजला तर गाणं," ते म्हणत, "नाही तर नुसता करंट जाऊन राह्यला."

हे मत ऐकत ऐकतच त्यांचा नातू शिवम मोठा झाला. त्याचे आईवडील शेगावला एका लॉजवर नोकरीला, म्हणून पोरगं आज्या-आजीपाशी. वायरी गुंडाळणं आणि माईकमधली शिट्टी बंद करणं त्याला पाढ्यांच्या आधी आलं. पुढे तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, केस खांद्यापर्यंत वाढवले, दोन मित्रांना घेऊन 'सिंगल फेज' नावाचा बँड काढला आणि इंजिनिअरिंगचं नाव घेणं हळूहळू सोडून दिलं. उकंडराव ज्याला त्याला सांगत, "माहा नातू पुण्यात साउंडच्या लाइनमध्ये हाये." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी कावळ्याने घोटाळा केला.

झालं असं, की देवळावरचा जुना भोंगा वाकडा झालेला उकंडरावांना बघवेना. धंदा बंद केला होता, पण डोळे चालू होते. दुपारी चारला ते शिडी लावून वर चढले. भोंग्याच्या तोंडात कावळ्याचं घरटं होतं, आणि घरमालक जवळच होता. तो आला आणि उकंडरावांच्या टकलावर बसला. नुसता शिवून गेला असता तर गोष्ट वेगळी, पण हा चांगला ऐसपैस बसला, इकडेतिकडे बघितलं आणि मग उडाला. शिडी धरून खाली त्यांची बायको मंजुळाबाई उभ्या होत्या. त्यांनी शिडी सोडली आणि तोंडाला पदर लावला.

कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरणाचं अरिष्ट, हे त्यांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पक्कं होतं, आणि त्यावरचा उपायही. जिवाभावाच्या माणसाला तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ते माणूस मनापासून रडलं, की अरिष्ट तेवढ्यावर भागतं. दिवस मावळायच्या आत खरं काय ते सांगायचं, शिव्या खायच्या आणि पुढे वीस वर्षं जगायचं. प्रश्न एवढाच, की रडणार कोण? मुलगा ज्ञानेश्वर रडला नसता. अशा निरोपाने तो लहानपणी दोनदा फसला होता. लोणारची बहीण पंचफुला रडली असती, पण ती टीव्हीवरच्या मालिकेलाही रडते, तिचं रडणं धरायचं की नाही याची खात्री नव्हती. मनापासून रडेल असा एकच होता.

आणि त्याला पटेल असं सांगणाराही एकच होता: भिंतीला भिंत लागून राहणारे माणिकराव गुरुजी. गुरुजी जन्मात खोटं बोलले नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत, म्हणून फोन त्यांनीच करायला हवा, असा मंजुळाबाईंचा हिशोब. आता गुरुजींची पस्तीस वर्षं असल्या समजुतींविरुद्ध फळे भरून लिहिण्यात गेलेली. ते म्हणाले, "वहिनी, कावळ्याले बसायले जागा पाह्यजे होती, तो बसला. त्याच्यात लेकराले काऊन रडवता?" मंजुळाबाईंनी वाद घातला नाही. त्या गुरुजींच्या उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून बसूनच राहिल्या. उकंडराव मागे उभे. त्यांनी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर, आपल्या मरणाला पोरगं कसं रडतं ते ऐकायची त्यांना जराशी हौस होती.

शेवटी गुरुजींनी फोन लावला आणि आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले. ते इतकं चांगलं बोलले, की मंजुळाबाई खऱ्याच रडायला लागल्या. तिकडून एक असा आवाज आला, की उकंडरावांची हौस तिथल्या तिथे फिटली. "मी येईपर्यंत उचलू नका त्यांना," एवढंच शिवम म्हणाला आणि फोन कट झाला. पुढच्याच मिनिटाला त्यांनी उलटा फोन लावला, तर बंद. गुरुजी दिवस मावळेपर्यंत लावत राहिले, मग ज्ञानेश्वर शेगावहून लावत राहिला. फोन बंदच. पोरगं मिळेल त्या ट्रॅव्हल्सने निघालं होतं, आणि मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव ओट्यावर बसून चहात खारी बुडवत होते, तेव्हा दारात एक तुळतुळीत डोक्याचा पोरगा येऊन उभा राहिला. आधी त्यांनी ओळखलंच नाही. शिवम पहाटे दुसरबीडला उतरला होता. अग्नी द्यायला उशीर व्हायला नको म्हणून तिथल्याच स्टँडजवळ, कटिंगचं दुकान उघडल्या उघडल्या, खांद्यापर्यंतचे केस उतरवून आला होता. चहातली खारी तुटून कपात पडली.

"अरिष्ट होतं रे," मंजुळाबाई म्हणाल्या. "तू रडला म्हणून टळलं."

शिवम आज्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद झाल्यासारखं काहीतरी आलं होतं, ते उकंडरावांनी पाहिलं. पण तेवढ्यात त्यांनी चूक केली. ते हसले. म्हणाले, "टक्कल बेस दिसते तुले. माह्यावानी."

पोरगं चहालाही थांबलं नाही. जाताना म्हणालं, "आबा, आता पुढच्या वेळी खरी बातमी आली तरी मी खोटीच समजीन. येणार नाही मी." आणि घरचा नंबर त्याने ब्लॉक करून टाकला. दोन वर्षांत तो शेगावला आईवडिलांकडे चारदा आला, पण सुलतानपूरला एकदाही नाही.

अरिष्ट टळलं होतं, यात शंका नाही. उकंडरावांची तब्येत ठणठणीत होती. पण ते वाक्य त्यांच्या आत जाऊन बसलं. साऱ्या गावाला त्यांनी मयतीला बोलावलं, आणि ज्याने खांदा द्यावा असं त्यांना मनातून वाटत होतं, त्याला बोलावायची सोयच त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून टाकली होती. खरी बातमी जाईल, आणि पोरगं म्हणेल, बसला असेल कावळा. हा विचार आला की फुटाणेही कडू लागत.

अशात यंदाच्या उन्हाळ्यात लोणारची पंचफुला जीप करून आली. कोपऱ्यावरूनच तिने गळा काढला, "दादा रे, मले न सांगता गेला रे!" आणि रडत रडत येऊन बघते तो दादा ओट्यावर. एकदम थांबणं बरं दिसेना म्हणून ती आणखी थोडं रडली. मग पिशवीतून पेपर काढून तिने भावाच्या अंगावर टाकला. "माह्या जावयानं वाचून दाखवला. तू मेला, तुह्यावर गाणे झाले, साऱ्या देशात वाजले, अन् सख्ख्या बहिणीले खबर नाही!"

पेपरात शिवमचा फोटो होता, टकलाचाच. सिंगल फेजच्या 'आजा गेला' या पहिल्याच अल्बमने धुमाकूळ घातला आहे, असं खाली लिहिलं होतं. मृत्यूवर इतकं थेट याआधी कोणी गायलं नाही. नऊ गाणी, नऊ जखमा. दिवंगत आजोबा उकंडराव यांच्याबद्दल बोलायला तरुण गायकाने नम्र नकार दिला. आणि पाचव्या जागी गाणं नसून नुसता एका वृद्धाचा आवाज आहे, तो म्हणजे मृत्यूच्या पलीकडून आलेली हाक आहे, असंही एका जाणकाराचं मत दिलं होतं.

"दिवंगत," उकंडराव म्हणाले. "स्पेलिंग तं बरोबर हाये."

पंचफुलाला जेवू घालून वाटेला लावलं, आणि त्याच संध्याकाळी गुरुजींच्या मोबाइलवर अल्बम शोधून काढला. मोबाइलच्या चिमुकल्या आवाजात स्वतःचं मरण ऐकायला उकंडरावांनी साफ नकार दिला. पलंगाखालचा अॅम्प्लिफायर काढला, धूळ झटकली, वायर जोडली. गुरुजी, मंजुळाबाई आणि मयत असे तिघे जण बसले.

पहिलं गाणं सुरू झालं तशी मंजुळाबाईंनी कानांवर हात ठेवले. "माणूस मेल्यावर एवढा गोंगाट असते काय?" उकंडरावांचं दुखणं वेगळं होतं. गिटार पुढे, शब्द मागे. दुसऱ्या गाण्यात आजा बांधावर बसून विडी ओढत होता. उकंडरावांनी जन्मात विडी ओढली नव्हती, आणि बांध म्हणावा तर त्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती. तिसऱ्यात आज्याचे थरथरते हात होते. "कोणाचा आजा हाये हा?" ते चिडून म्हणाले, आणि आपले न थरथरणारे हात त्यांनी गुरुजींना दाखवले. गुरुजी म्हणाले, कवितेत चालतं. उकंडराव म्हणाले, माह्या मरणात चालत नाही.

मग चौथं लागलं. यात गिटार जवळजवळ नव्हतीच. पहाटेचं कटिंगचं दुकान. न्हावी विचारतो, कोण गेलं? पोरगा सांगायला तोंड उघडतो, आणि त्याला शब्द सापडत नाही. न्हावी पुन्हा विचारत नाही. पाणी लावतो आणि केस खाली पडत राहतात. बस, एवढंच. मंजुळाबाईंनी कानांवरचे हात काढले. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. उकंडरावांनी ते गाणं पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा लावलं, आणि तिसऱ्यांदा ते रडले. मरणाची हौस म्हणून नव्हे, तर लाजेने. पोराने त्या खुर्चीत काय सोसलं होतं ते त्यांना आज कळलं, आणि तो तिथून उठून घरी आला तेव्हा आपण त्याच्या टकलावर हसलो होतो हेही आठवलं.

पाचव्या जागी मृत्यूच्या पलीकडून हाक आली. आधी तीन टिचक्या. मग: "हॅलो, हॅलो. मागं आवाज येऊन राह्यला का?"

"हे तं गल्लीतल्या अविनाशच्या लग्नातलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "माईक टेस्टिंग."

पोराने कधीतरी मोबाइलवर ते रेकॉर्ड करून जपून ठेवलं होतं. ब्लॉक केलेल्या नंबरवाल्या माणसाचा आवाज. उरलेली चार गाणी तिघांनी ऐकली, पण त्यांच्याबद्दल कोणी फार बोललं नाही. त्यातली दोन तर निव्वळ करंट होती.

पंधरा दिवसांनी एक मुलगी आली. पाठीला सॅक, गळ्यात हेडफोन. अर्पिता तिचं नाव, मुंबईहून एका संगीताच्या वेबसाइटसाठी लिहायची. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला नमस्कार करून म्हणाली, "काका, उकंडरावांचं घर हेच ना? सगळे जण त्या अल्बमचं कौतुक करतायत. मला मात्र प्रश्न पडलाय, की ते खरंच एवढ्या कौतुकाच्या लायकीचं आहे, की मरणाचा विषय म्हटल्यावर वाईट बोलायची कोणाची हिंमत होत नाही? म्हटलं, ज्यांच्यावर तो आहे त्यांचं घर तरी बघावं. आपण कोण त्यांचे?"

उकंडरावांच्या डोक्यात चक्रं फिरली. मी उकंडराव म्हटलं, की उद्या पेपरात पोरगं खोटारडं ठरणार. आधीच ते बोलत नाही, मग तर संपलंच. "मी धाकटा भाऊ," ते म्हणाले. "कडूबा."

आत मंजुळाबाईंच्या हातून झाकणी पडली. त्या चहा घेऊन आल्या त्या कपाळभर कुंकू लावून. अर्पिताने विचारलं, या? "माही बायको," उकंडराव म्हणाले, आणि या एका तरी वाक्यात खोटं बोलावं लागलं नाही म्हणून त्यांना बरं वाटलं.

"कसे होते उकंडराव?"

आता अशी संधी किती जणांना मिळते? उकंडराव सावरून बसले. "देवमाणूस," ते म्हणाले. "आवाज असा, की पलीकडच्या गावात लोक उठून उभे राह्यचे. कोणाले दुखवलं नाही. गर्व नाही. देखणा तं एवढा..."

"देवमाणूस कायचा!" मंजुळाबाईंना राहवलं नाही. "माह्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माईक बंद करून जेवायले बसला होता तो देवमाणूस."

"फ्यूज गेला होता."

"तुम्हाले कसं माहीत? तुम्ही तं कडूबा!"

अर्पिता हसली. तिला हे नवरा-बायकोचं जुनं भांडण वाटलं असावं. "काका, हे मी रेकॉर्ड करू का?" म्हणून तिने मोबाइल चालू करून त्यांच्यासमोर ठेवला.

चाळीस वर्षांची सवय. समोर बोलायचं यंत्र आलं, की उकंडरावांचा हात आपोआप पुढे जाई. त्यांनी मोबाइल उचलला, तोंडाजवळ धरला, बोटाने तीन टिचक्या मारल्या. "हॅलो, हॅलो. मागं आवाज येऊन राह्यला का?"

अर्पिताने चहा खाली ठेवला. हा अल्बम तिने वीस वेळा ऐकला होता. ती पुढे वाकून अगदी हळू म्हणाली, "आजोबा, तुम्हीच ना?"

उकंडरावांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाई पाठ फिरवून उभ्या होत्या. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कावळा, गुरुजींचा फोन, मुंडण, खारी, हसू. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "पोरी, तुले काय लिहायचं ते लिही, पण पोरगं खोटं बोललं असं लिहू नको. खोटं आम्ही बोललो. त्याच्यासाठी मी एक रात्र मेलोच होतो. ते रडणं खरं हाये."

"मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "अल्बम कौतुकाच्या लायकीचा आहे?"

नातू असला म्हणून काय झालं? उकंडराव कानाशी बेइमानी करणारे नव्हते. "नऊतले तीन चांगले. तीन मधले. दोन नुसता करंट. अन् माहा माईक टेस्टिंग, त्याले काही गाणं म्हणता येत नाही, लोक काहीही म्हणोत. पण ते कटिंगच्या दुकानाचं गाणं..." इथे ते थांबले. "त्या एका गाण्यासाठी जेवढं म्हणतात तेवढं कमी हाये. तरी एक गोष्ट मले समजली नाही. मी मेलो, त्याच्यावर नऊ गाणे केले. दारात आला अन् मी जिता दिसलो, त्याच्यावर एकबी नाही. ते काऊन नाही? एक मिनिट तरी खुश झालता तो. म्या पाह्यलं."

अर्पिताने रेकॉर्डिंग थांबवलं. "हे मी त्यालाच विचारते," म्हणून तिने तिथूनच शिवमला फोन लावला. तिचा नंबर त्याने लगेच उचलला. "मी सुलतानपूरला आहे," ती म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या समोर बसलेय." एवढं बोलून तिने मोबाइल उकंडरावांच्या हातात दिला. या खेपेला त्यांनी टिचक्या मारल्या नाहीत.

"आता कोण मेलं?" शिवमचा आवाज आला.

"कोणी नाही," उकंडराव म्हणाले. "तेच सांगायले घेतला."

उकंडरावांनी घाईघाईने बोलून घेतलं, कारण फोन कधी कट होईल याचा भरवसा नव्हता. "शिवा, म्या हसायले नको होतं. चुकलं माहं. पण कधी ना कधी खरी बातमी येणार हाये, अन् तुले ती खोटी वाटन. ते मले सहन होत नाही. म्हणून असं करू. रोज सकाळी सात वाजता मी तुले मिसकॉल देतो. उचलू नको. वाजला म्हणजे मी हाये. ज्या दिशी नाही वाजला, त्या दिशी निघ. मंग कोणाच्या निरोपाची गरज नाही. फक्त नंबर खुला कर."

"ताईंना म्हणावं, खरं काय ते लिहा," शिवम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. नंबराबद्दल काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला उकंडरावांनी फोन लावला. ब्लॉक असताना एकदा वाजून तुटायचा. आज वाजतच राहिला. त्यांनीच घाबरून कट केला.

अर्पिताचा लेख आला. अल्बम अर्धा कौतुकाच्या लायकीचा, अर्धा नाही, आणि आजोबा पूर्ण जिवंत, असं तिने सरळ लिहिलं होतं. लगेच लोकांचे दोन तट पडले. एक म्हणे फसवणूक, दुसरा म्हणे यात तर आणखी मजा आहे. गुरुजी दोन्ही बाजूंचं वाचून दाखवत. उकंडराव ऐकत, पण त्यांचं लक्ष सातवर असे. रोज मिसकॉल जाई, रोज तिकडून काहीच येत नसे. बोलणं नाही, उलटा फोन नाही. पोरगं ते मिसकॉल बघतं की नाही, कोण जाणे. "जाऊ द्या," मंजुळाबाई म्हणत. "नाही पाहत तो." उकंडराव म्हणत, "न पाहो. मी हाये हे सांगणं माहं काम."

असे चाळीसेक दिवस गेले. एके दिवशी मंजुळाबाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि त्या कोथिंबिरीवाल्याशी भावावरून भांडायला बाहेर गेल्या. दूध उतू आलं. उकंडराव धावले, बोट भाजलं, फडकं सापडेना, गॅसचं बटण उलटं फिरवलं, ओटा पुसला. पुसता पुसता फळीवरचा मोबाइल वाजायला लागला. ओल्या हातानेच त्यांनी तो उचलला.

"आबा!" शिवमच होता. धापा टाकत होता. "सात वाजून चार मिनिटं झाले!"

मागे रस्त्याचा आवाज येत होता, रिक्षावाला काहीतरी विचारत होता. पोरगं रडत होतं की पळत होतं, ते काही कळत नव्हतं.

"दूध उतू गेलं रे," ते कसेबसे म्हणाले.

"दूध?" शिवम ओरडला. "मी बॅग घेऊन खाली उतरलो आबा, रिक्षात बसलो मी!"

उकंडरावांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बसलाच हाये तं ये ना."